घोलवडच्या चिकूवाड्या: सव्वाशे वर्षांची राखण

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड १८९८ साली घोलवडला झाली, आणि पालघर जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर तो असा रुजला की इथल्या माणसाला तो परका वाटतच नाही. समुद्राची दमट हवा, चुनखडीचा अंश असलेली माती आणि चिकूच्याच कुळातल्या रायणीच्या खुंटावर बांधलेलं काळीपत्तीचं कलम, एवढ्यावर डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्या उभ्या राहिल्या. गर्द हिरव्या पानांवरून जातीला काळीपत्ती हे नाव पडलं.

वाड्या उभारल्या त्या प्रामुख्याने इराणी-पारशी बागायतदारांनी, पण झाडावर चढणारे, फळ उतरवणारे हात वारल्यांचे. याच पट्ट्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. वाड्यांचा इतिहास सांगताना तो गाळला, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

चिकूचं फळ उतरवणं हे नजरेचं काम आहे. फुलापासून तयार फळापर्यंत कित्येक महिने जातात, त्यामुळे एकाच फांदीवर फूल, बोराएवढं फळ आणि तयार चिकू एकत्र दिसतात. अंगावरची तपकिरी भुकटी झडू लागली की जाणकार फळाला हलकेच नख लावतो. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळसर दिसलं तर उतरवायचं. मग देठाचा चीक धुऊन काढायचा.

वाड्यांवरचं मोठं संकट १९८९ नंतरच्या काळात आलं. डहाणूत ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहत होतं आणि धूर, राख बागांवर बसेल ही भीती घराघरांत होती. गावकरी आणि पर्यावरणप्रेमींनी चिकाटीने पाठपुरावा केला. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक जाहीर करून उद्योगांवर मर्यादा घातली. पण कागदावरचा नियम पाळला जात नव्हता, म्हणून लढा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली, १९९८ मध्ये याच किनाऱ्यावर वाढवणला होऊ घातलेलं बंदरही प्राधिकरणाने नाकारलं. माझ्या मते आज या वाड्या दिसतात त्याचं मोठं श्रेय या लढ्याला आहे.

पुढचा टप्पा नाव जपण्याचा. बाजारात कुठलाही चिकू 'घोलवडचा' म्हणून खपायचा. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाने अर्ज केला आणि २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीचा चिकू महोत्सव २०१३ पासूनचा. तिथे शहरातली माणसं वाडीत फिरतात, चिकूची चिप्स, लोणचं, मिठाई चाखतात. तोडल्यावर फळ फार दिवस टिकत नाही, म्हणून असे पदार्थ बागायतदाराला खरा आधार देतात. बी पोखरणाऱ्या अळीने झाडं बेजार होतात, तेव्हा कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतला जातो.

दरम्यान वाढवण बंदर परत आलं. प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. मच्छीमार आणि बागायतदार त्याविरुद्ध उभे आहेत.