कोलीन मातेल

(जन्म : ३ नोव्हेंबर १९९५). फ्रेंच स्की जंपर. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमधील कांस्यपदकाची मानकरी. स्की जंपिंगमध्ये फ्रान्सला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती प्रथम उतरली तेव्हा तेरा वर्षांची होती, तिथले पदक मिळाले तेव्हा पंधरा आणि ऑलिंपिक पदक मिळाले तेव्हा अठरा वर्षांची. ही वये लक्षात ठेवण्याजोगी आहेत, कारण महिलांच्या स्की जंपिंगला एकेक स्पर्धा खुली होत गेली ती नेमकी याच पाच वर्षांत. मातेलची कारकीर्द आणि तिच्या खेळाची मान्यता यांचा इतिहास वेगळा काढून सांगताच येत नाही.

तिचा जन्म पूर्व फ्रान्समधील ओत-साव्हुआ विभागातल्या सालांश येथे झाला. माँ ब्लाँच्या पायथ्याशी असलेल्या ले काँतामीन-माँज्वा या गावच्या क्लबकडून ती खेळली. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली जिथे भरले ते शामोनी याच विभागात, माँ ब्लाँच्या दुसऱ्या अंगाला आहे. स्की जंपिंग त्या पहिल्या ऑलिंपिकपासून कार्यक्रमात होते, पण फक्त पुरुषांसाठी. महिलांना त्यात जागा मिळायला नव्वद वर्षे लागली. तरीही स्की जंपिंग हा काही फ्रान्सचा हुकमी खेळ नव्हे. नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया किंवा पोलंडमध्ये या खेळाला जसा प्रेक्षक आहे तसा तिथे नाही. फ्रेंचांचे लक्ष अल्पाइन स्कीइंग आणि बायथलॉन (स्कीइंग व नेमबाजी मिळून होणारा खेळ) यांकडे अधिक असते. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकसाठी कुर्शव्हेल येथे बांधलेल्या टेकड्या आणि स्विस सीमेलगतच्या जुरा पर्वतातील काही केंद्रे एवढाच या खेळाचा फ्रान्समधला मुख्य आधार.

स्की जंपिंग पाहायला सोपे वाटते आणि गुणपत्रक वाचताना अवघड. खेळाडू काठ्या न घेता उंचावरच्या बर्फाळ मार्गावरून ताशी साधारण ८५ ते ९० किलोमीटर वेगाने घसरत येतो, मार्गाच्या टोकाला पायांच्या जोरावर स्वतःला पुढे झोकून देतो आणि दोन्ही स्की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवून हवेवर तरंगत खाली येतो. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक अंतर आखलेले असते, त्याला के-बिंदू म्हणतात. तिथपर्यंत पोचल्यास ६० गुण मिळतात. मध्यम टेकडीवर (ऑलिंपिकमधल्या दोन आकारांपैकी लहान) त्यापुढच्या प्रत्येक मीटरला दोन गुण वाढतात, अलीकडे पडल्यास तेवढेच कमी होतात. पाच पंच शैलीसाठी प्रत्येकी वीसपैकी गुण देतात, त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बाजूला काढले जातात. एक पाय पुढे, गुडघे वाकवून, हात पसरून उतरणे, म्हणजे टेलिमार्क, जमले नाही तर पंच हात आखडता घेतात. वारा आणि मार्गावर सुरुवातीची जागा किती उंच ठेवली होती यांचाही हिशेब गुणांत धरला जातो. म्हणूनच सर्वांत लांब उडी मारणारा खेळाडू जिंकतोच असे नाही. सोचीत हेच घडले.

मातेल लहान असताना महिला जंपर्सची अवस्था चमत्कारिक होती. २००४-०५ पासून कॉन्टिनेन्टल कप ही त्यांची सर्वोच्च मालिका होती. विश्वचषक, म्हणजे मोसमभर चालणारी मुख्य मालिका, नव्हता, ऑलिंपिक नव्हते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान-फ्रांको कास्पर यांनी २००५ मध्ये हा खेळ वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांना योग्य वाटत नाही, असे मत जाहीरपणे मांडले होते. त्याच्या दोनच वर्षे आधी ऑस्ट्रियाच्या दानिएला इराश्को हिने २०० मीटरची उडी मारलेली होती, हे इथे सांगितले पाहिजे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी महिलांची स्पर्धा नाकारली. कारण दिले ते असे, की खेळणारे देश आणि खेळाडू पुरेसे नाहीत. विश्वचषकच नसेल तर खेळाडू कुठून वाढणार, हा प्रश्न त्या उत्तरात बसत नव्हता. गंमत अशी, की व्हँकुव्हरसाठी व्हिसलर येथे बांधलेल्या मध्यम टेकडीवर सर्वांत लांब उडीचा विक्रम त्या काळी अमेरिकेच्या लिंडसी व्हॅन हिच्या नावावर होता, पुरुषांसकट सर्वांत लांब. खेळाडू कॅनडात न्यायालयात गेल्या. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये भेदभाव होत असल्याचे मान्य केले, पण कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार ऑलिंपिक समितीचा असून ती कॅनडाच्या नागरी हक्कांच्या सनदेखाली येत नाही, असे म्हणून हात वर केले. अपीलही फेटाळले गेले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची पहिली वैयक्तिक स्पर्धा झाली. लिंडसी व्हॅन जिंकली. जर्मनीची उल्रिके ग्रेसलर दुसरी, नॉर्वेची आनेट्टे सागेन तिसरी. तेरा वर्षांची मातेल पाचवी आली. पुढे असलेल्यांपैकी व्हॅन आणि सागेन चोवीस वर्षांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट वयाच्या आणि दारे बंद असलेल्या काळात वाढलेल्या.

२०११ च्या सुरुवातीला एस्टोनियातील ओतेपा येथे मातेल कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. पाठोपाठ २५ फेब्रुवारीला ओस्लोच्या होल्मेनकोलेन परिसरातील मिटस्टूबाक्केन टेकडीवर दाट धुक्यात जागतिक स्पर्धा झाली. दानिएला इराश्कोने सुवर्ण मिळवले, इटलीच्या एलेना रुंगाल्दिअरने रौप्य आणि मातेलने कांस्य. होल्मेनकोलेन हे या खेळाचे पंढरपूरच. तिथे फ्रान्सच्या शाळकरी मुलीने पदक घेणे ही नॉर्वेतही बातमी होती. सहा आठवड्यांनी, ६ एप्रिल २०११ रोजी, ऑलिंपिक समितीने सोचीसाठी महिलांच्या स्पर्धेला मान्यता दिली. ओस्लोतील पदकामुळे हा निर्णय झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, त्यामागे व्हॅन आणि तिच्या सोबतिणींचा अनेक वर्षांचा लढा होता. मात्र अमेरिका, जर्मनी, नॉर्वे, ऑस्ट्रिया, इटली आणि फ्रान्स अशा सहा देशांनी पहिल्या दोन जागतिक स्पर्धांतली सहा पदके वाटून घेतली होती, आणि ‘खेळणारे देशच नाहीत’ हा आक्षेप त्यानंतर टिकणे कठीण होते.

महिलांचा विश्वचषक २०११-१२ च्या मोसमात सुरू झाला. ३ डिसेंबर २०११ रोजी लिलेहामर येथील पहिल्याच स्पर्धेत अमेरिकेची सेरा हेंड्रिक्सन पहिली आणि मातेल दुसरी आली. एक सतरा वर्षांची, दुसरी सोळा. पुढच्या मोसमात जपानच्या सारा ताकानाशीने मालिका जिंकली, हेंड्रिक्सन दुसरी आणि मातेल तिसरी राहिली. ताकानाशी तर मातेलहूनही वर्षभराने लहान. दोन-तीन वर्षांत खेळाची सूत्रे अशी किशोरवयीन मुलींच्या हाती गेली. हलके शरीर आणि विश्वचषकाच्या पातळीवर लहानपणापासून मिळालेला सराव ही त्याची उघड कारणे आहेत. आधीच्या पिढीकडे यातले दुसरे कारण कधीच नव्हते.

११ फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीजवळच्या रुस्की गोर्की या टेकड्यांवर महिलांचे पहिले ऑलिंपिक स्की जंपिंग झाले. पुरुषांना तीन स्पर्धा होत्या, महिलांना एकच, मध्यम टेकडीवरची. के-बिंदू ९५ मीटरवर. सुवर्ण ताकानाशीचेच, असे सगळे धरून चालले होते. पहिल्या फेरीनंतर मात्र जर्मनीची कारीना फोख्ट पुढे होती. तोवर तिने विश्वचषकाची एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. मातेल ९९.५ मीटरच्या उडीनंतर तिच्या पाठोपाठ होती. दुसऱ्या फेरीत इराश्को-स्टोल्झने (विवाहानंतरचे नाव) १०४.५ मीटर गाठून सगळ्यांवर दडपण आणले. मातेल ९७.५ मीटरवर उतरली. अखेरचे गुण असे लागले : फोख्ट २४७.४, इराश्को-स्टोल्झ २४६.२, मातेल २४५.२, ताकानाशी २४३.०. मातेल सुवर्णापासून २.२ गुणांनी दूर राहिली आणि पदकाबाहेरच्या चौथ्या क्रमांकापासूनही तेवढ्याच २.२ गुणांनी वाचली. अंतराच्या भाषेत दोन्हीकडे मीटरभराचाच फरक. एका मीटरने तिचे नाव फ्रेंच क्रीडा इतिहासात गेले, आणि एका मीटरने त्या खेळाची पहिली ऑलिंपिक विजेती म्हणून जायचे राहिले. दिवसातली सर्वांत लांब उडी इराश्को-स्टोल्झची होती, तिला रौप्यावर समाधान मानावे लागले.

सोचीनंतर मातेलला जागतिक किंवा ऑलिंपिक पातळीवर वैयक्तिक पदक मिळाले नाही. अठराव्या वर्षी शिखर गाठलेल्या खेळाडूची ही उतरण म्हणून अपयशाच्या खात्यात टाकण्याची घाई अनेकदा केली जाते. ती योग्य नाही. खुल्या झालेल्या स्पर्धेत नवे देश, नवे प्रशिक्षक आणि पैसा आला, स्लोव्हेनिया व नॉर्वेचे संघ बळकट झाले आणि पहिल्या दहांत येण्यासाठी लागणारी पातळी दरवर्षी वर सरकत गेली. शिवाय या खेळात वजन, उंची, स्कीची लांबी आणि पोशाखाचे माप एकमेकांना बांधलेले असते. किशोरवयात बसलेले गणित प्रौढ शरीरात पुन्हा नव्याने मांडावे लागते, आणि ते सगळ्यांनाच साधते असे नाही. ताकानाशीसारखी दीर्घकाळ टिकलेली उदाहरणे थोडी आहेत.

फ्रान्समध्ये तिच्या काळात ज्यूलिया क्लेर आणि लेआ लेमार या संघातल्या अन्य प्रमुख जंपर होत्या. पुढच्या पिढीत लक्ष वेधून घेतले ते २००२ साली जन्मलेल्या जोसेफीन पान्ये हिने. ती शो-नव्ह या जुरामधल्या केंद्राची. २०२० चे युवा हिवाळी ऑलिंपिक लोझानचे असले तरी जंपिंगच्या स्पर्धा सीमेपलीकडे फ्रान्समधील ले त्युफ येथे झाल्या, आणि तिथे पान्येने सुवर्ण जिंकले. २०२३-२४ च्या मोसमात तिने विश्वचषकाच्या स्पर्धाही जिंकल्या. तिला मिळालेले मैदान मातेलच्या मैदानापेक्षा मोठे आहे : जागतिक स्पर्धेत २०१९ पासून महिलांची सांघिक स्पर्धा आहे, २०२१ मध्ये ओबर्स्टडॉर्फ येथे मोठ्या टेकडीचे विजेतेपद सुरू झाले, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकार आला, आणि महिलांसाठी मोठ्या टेकडीचा समावेश २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकपासून करण्यात आला.