जीवसृष्टीचा रासायनिक उगम आणि चिकणमाती

निर्जीव रसायनांपासून पहिला सजीव कसा घडला, याचा शोध. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे. सूक्ष्मजीवांच्या खुणा निदान 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. रशियन जैवरसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर ओपारिन (1924) आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेले ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन (1929) यांनी आपापल्या परीने मांडले की, ऑक्सिजन नसलेल्या आदिम वातावरणात सेंद्रिय संयुगे तयार झाली असावीत. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाल्याचे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर यांनी 1953 मध्ये जाहीर केले. तेव्हाची हवा खरोखर अशीच होती का, यावर नंतर आक्षेप आले; पण 1969 साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्ले निघाली. म्हणजे सुट्या घटकांची उणीव नव्हती.

खरा पेच जोडणीचा: प्रथिने किंवा आरएनए (आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू) म्हणजे अशा घटकांच्या लांब साखळ्या. दोन घटक जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असले तर साखळी वाढण्याऐवजी तुटत राहते. म्हणून भिजणे आणि वाळणे या फेऱ्याला महत्त्व आहे, आणि त्यासाठी चिकणमातीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. सेंद्रिय रेणू चिकणमातीवर गोळा झाले असावेत, हा विचार ब्रिटनमधील वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनी 1947 च्या व्याख्यानात मांडला होता.

अशा मातीतले एक महत्त्वाचे खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, मराठवाड्याच्या पायाखालीच आहे. परभणी-हिंगोलीकडची काळी जमीन बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक) झिजून झालेली, आणि याच गटातल्या खनिजांनी भरलेली. खनिजाचे पापुद्रे एकावर एक असतात. मधे पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस झाला की त्या मिटतात, आणि पावलागणिक चपलेला चिखलाचा गोळा धरतो. वाफसा येईपर्यंत औत घालता येत नाही. पाणी जिथे शिरते त्याच फटींत सेंद्रिय रेणूही अडकतात, एकमेकांच्या जवळ येतात.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स फेरिस यांनी 1990 च्या दशकात याच खनिजावर 50 च्या आसपास घटकांच्या आरएनए साखळ्या वाढवून दाखवल्या. 2003 मध्ये जीवशास्त्रज्ञ जॅक शोस्टाक यांच्या गटाला आढळले की, या खनिजाच्या सान्निध्यात मेदाम्लांच्या (चरबीतल्या आम्लांच्या) पेशीसारख्या पिशव्याही लवकर बनतात. साखळी आणि तिला सांभाळणारी पिशवी, दोन्हींना एकच माती हातभार लावते, ही या विचाराची मोठी ताकद.

मात्र मराठवाड्यातच जीव जन्मला, असा अर्थ काढू नये. दख्खनचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे. शिवाय फेरिस यांनी वापरलेले घटक प्रयोगशाळेत आधीच क्रियाशील, म्हणजे सहज जोडले जातील असे, करून घेतलेले होते. निसर्गात ते काम कोणी केले, यावर अजून एकमत नाही.