जागृतीवर्धक औषधे

दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारात रुग्णाला जागे ठेवण्यासाठी दिली जाणारी औषधे. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल ही त्यांतली प्रमुख. मोडाफिनिलचा शोध १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये लागला आणि अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधी या कामासाठी ॲम्फेटामिन हे उत्तेजक वापरत. त्याची सवय लागण्याचा धोका बराच जास्त.

बोलता-बोलता, जेवता-जेवता झोप लागणे, म्हणजे नार्कोलेप्सी, या विकारात मोडाफिनिलचा मुख्य उपयोग. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात (स्लीप ॲप्निया) मूळ उपचार सुरू असूनही दिवसा पेंग येत राहिली तर, आणि रातपाळीमुळे झोपेचे चक्र बिघडले तरही अमेरिकेत ते देतात. युरोपच्या औषध नियामकाने मात्र २०१० मध्ये नार्कोलेप्सीवगळता बाकीचे उपयोग काढून टाकण्याची शिफारस केली.

रातपाळी कोल्हापूरला नवी नाही. गळीत हंगामात जिल्ह्यातले साखर कारखाने चोवीस तास चालतात, इचलकरंजीचे माग रात्रीही खडखडतात, उसाच्या ट्रॅक्टरवरचा चालक पहाटेपर्यंत रांगेत असतो. इथला नेहमीचा इलाज चहा. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे झोप आणणारे रसायन साचत जाते आणि डोळे जड होतात. चहातले कॅफीन त्याची जागा अडवून बसते. मोडाफिनिलची वाट वेगळी: ते मेंदूतले डोपामिन, म्हणजे तरतरी ठेवणारे रसायन, परत शोषले जाऊ देत नाही. चहाचा असर चार-पाच तासांत बराच ओसरतो. मोडाफिनिल रक्तात निम्मे व्हायलाच १२ ते १५ तास घेते. रात्री बाराच्या पाळीसाठी अकराला २०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर सकाळी आठला घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकताना निम्म्याहून जास्त औषध अंगात असते. झापड जाते, झोपेची थकबाकी तशीच राहते. परीक्षेसाठी रात्री जागवणाऱ्यांच्या हिशोबात हे सहसा नसते.

डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थता आणि निद्रानाश हे नेहमीचे दुष्परिणाम. क्वचित त्वचेवर गंभीर पुरळ उठते. तसे दिसताच गोळी थांबवून डॉक्टर गाठावा. गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव या औषधाने कमी होतो आणि तो धोका औषध बंद केल्यावरही महिनाभर राहतो. गरोदरपणात ते टाळतात.

तालमींच्या या गावात आणखी एक गोष्ट ठाऊक असावी: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मोडाफिनिल स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, मग ते कुस्तीच्या आखाड्यात असो की धावपट्टीवर.