डॅन्यूब त्रिभुज प्रदेश

डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळते तेथील पाणथळ प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ४,१५० चौ. किमी.; बहुतेक भाग रुमानियात, उत्तरेकडील काही युक्रेनमध्ये. किलिया, सुलिना व स्फिंतू गेओर्गे या नदीच्या तीन मुख्य शाखा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस नदीला पाच मुखे असल्याचे सांगतो, तर ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सात. गाळाने मुखे बुजतात व नवी फुटतात, हे लक्षात घेता दोघांपैकी एकाला चूक ठरविण्याचे कारण दिसत नाही. प्रदेशाच्या वयाबाबतही एकमत नाही : काही भूवैज्ञानिक खुल्या किनाऱ्यावरील वाढीचा आरंभ सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मानतात, तर अलीकडील कालमापन तो सुमारे ५,२०० वर्षांपर्यंत खाली आणते.

रुमानियातील भाग १९९१ मध्ये जागतिक वारसा यादीत व पाणथळ प्रदेशांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. गवताळ बेटे, सरोवरे व वेतासारख्या बोरूची दाट बने यांत पांढऱ्या पेलिकनची मोठी वीण होते. बोरूच्या मुळांची जाळी तळापासून सुटून तरंगते. अशा तरत्या थराला स्थानिक लोक ‘प्लाउर’ म्हणतात. प्रवेशद्वार म्हणजे तुलचा शहर. सुलिना गावाला रस्ता नाही. नावेनेच जावे लागते. राखीव क्षेत्रात जाण्यासाठी परवाना लागतो आणि कडक संरक्षण असलेल्या भागांत पर्यटकांना मज्जाव आहे.

येथील पारंपरिक मच्छीमारांत लिपोवन हे रशियन भाषक प्रमुख. १६५२ नंतर धर्मप्रमुख (पेट्रिआर्क) निकोन यांनी रशियन चर्चच्या विधींत केलेले बदल न मानणाऱ्या ‘जुन्या श्रद्धेच्या’ लोकांचे हे वंशज. अठराव्या शतकात ते येथे स्थिरावले असावेत. नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. लोकप्रिय मत ‘लिपा’ (लिंडन वृक्ष) या शब्दाकडे बोट दाखविते : मूर्तिचित्रे लिंडनच्या फळीवर रंगवीत, किंवा छळ टाळण्यासाठी लोक त्या वनांत लपले. दुसरे मत ते फिलिप या मठवाशाच्या अनुयायांवरून आल्याचे मानते. हे ध्वनिदृष्ट्या पटते. पण फिलिपचे अनुयायी पुरोहित न मानणारे, तर येथील बहुसंख्य लिपोवन पुरोहित मानणारे, ही अडचण उरते. तरीही बुकोव्हिनातील एका गटाचे नाव पुढे सर्वांना लागले, असे मानल्यास ती बरीचशी दूर होते, व तेच अधिक संभाव्य वाटते. दॉन नदीकाठच्या कोसॅक या लढवय्या लोकांचा नेक्रासोव्ह गट लिपोवनांत कितपत मिसळला, हा निराळा प्रश्न.

लिपोवनांची ‘लोत्का’ ही दोन्ही टोके निमुळती असलेली, डांबर लावून काळी केलेली होडी. ‘मिला २३’ या गावाचे नाव समुद्रापासूनच्या मैलांवरून पडले. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय डॅन्यूब आयोगाने अभियंते चार्ल्स हार्टली यांच्या देखरेखीखाली सुलिना शाखा सरळ केली. तिची लांबी सुमारे ८४ वरून ६३ किमी. वर आली, आणि हे गाव जुन्या वळणावर, जहाजांच्या वाटेबाहेर राहिले. कॅनोइंगचे ऑलिंपिक विजेते इव्हान पात्साइकिन (१९४९–२०२१) येथलेच.

स्टर्जन मासेमारीवर रुमानियात २००६ मध्ये बंदी आली. रुमानियाचे साम्यवादी सत्ताधीश चाउशेस्कू यांच्या काळात बांध घालून शेतजमीन करण्याचे काम झाले. १९९० नंतर बाबिना व चेर्नोव्का येथील बांध फोडून पाणी पुन्हा आत सोडण्यात आले.

युक्रेनी मूळ असलेल्या ‘हाहोली’ लोकांची वस्ती लेतेआ परिसरात आहे. तेथील वाळूच्या उंचवट्यांवर ओक वृक्षांचे व वेलींनी वेढलेले वन असून ते १९३८ पासून संरक्षित आहे.