समादियामि : पंचशील घराघरांत कसे आले

पौर्णिमेच्या संध्याकाळी वस्तीतल्या विहारात पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घालून माणसे बसतात. मेणबत्ती-अगरबत्ती लागते, आधी त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणे, आणि मग पंचशील, म्हणजे सदाचाराचे पाच संकल्प, पालीत म्हटले जातात. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ पाचही ओळी एकाच शब्दावर येऊन थांबतात. समादियामि, म्हणजे मी ग्रहण करतो, मी ग्रहण करते. पंचशीलाची सगळी कहाणी मला या क्रियापदात दिसते. ‘हिंसा करू नकोस’ असे इथे वरून कुणी बजावत नाही. म्हणणारा आपल्याच तोंडाने म्हणतो, की जीवघातापासून दूर राहण्याचा पाठ मी घेत आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची गोष्ट. आज चुकली तर उद्या पुन्हा गिरवायची.

ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या फक्त हुकूमच ऐकले, मेलेले ढोर ओढायचा, वेसकराची म्हणजे वेशीवरच्या राखणीची पाळी करायचा, निरोप घेऊन परगावी पळायचा, त्या घरांत ‘मी ग्रहण करतो’ हे शब्द आले. म्हणून महाराष्ट्रातल्या पंचशीलाचा इतिहास नुसता धर्माचा इतिहास म्हणून वाचता येत नाही.

मुळात ही शीले संसारी माणसाची आहेत. भिक्खूंसाठी विनयाचे, म्हणजे संघाच्या शिस्तीचे, शेकडो नियम वेगळे होते. गृहस्थाने कसे वागावे याचे सगळ्यांत जिवंत चित्र दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या सिगालोवाद सुत्तात, म्हणजे सिगालाला केलेल्या उपदेशात, सापडते. राजगृहात सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत उभा असतो. मरताना वडिलांनी तसे सांगितलेले असते. बुद्ध त्याला दिशांची ओळख नव्याने करून देतात. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे नोकर-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. कामकऱ्याला झेपेल एवढेच काम द्यावे, पोटाला आणि मजुरीला कमी करू नये, आजारात त्याची काळजी घ्यावी, हेही तिथे सांगितले आहे. याच सुत्तात दारूचे सहा तोटे आहेत : पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव बदनाम होते, लाज सुटते, बुद्धी मंदावते. ज्या घरात दारू शिरली आहे तिथल्या बाईला ही यादी कुणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या शीलातला शब्दही पाहण्यासारखा आहे. अदिन्नादाना म्हणजे न दिलेले घेणे. चोरीपेक्षा हे बरेच रुंद आहे. मजुराची बुडवलेली रोजी त्यात येते, भावाच्या वाट्याचा बांध कोरणे येते. शिवाय उपासकाने, म्हणजे बुद्धाच्या गृहस्थ अनुयायाने, करू नयेत असे पाच धंदे अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथात सांगितले आहेत : शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. म्हणजे शील देव्हाऱ्यापुरते नाही, ते पोटापाण्याच्या उद्योगापर्यंत पोचते.

आपल्या भूमीत हा विचार फार पूर्वी रुजला होता. नालासोपाऱ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला, आणि नवव्याचा तुकडा सापडला थेट १९५६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी. हा योगायोगच, पण मनात घर करून राहतो. त्या नवव्या लेखाचा विषय आहे खरे मंगल कोणते. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. पण दास-नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे हे धम्माचे मंगल, असे राजा सांगतो. सिगालाला सांगितलेलेच जणू दगडावर उतरले. पुढे जुन्नर, कार्ले, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागिरांच्या श्रेणी आहेत, स्त्रिया आहेत. सह्याद्रीतली ही लेणी साध्या संसारी माणसांच्याही पैशांतून उभी राहिली.

मग हे सगळे नाहीसे का झाले? त्याची अनेक कारणे सांगितली जातात. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये दिलेले एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संघात शिरताना दीक्षा होती. गृहस्थाला धम्मात घेण्याचा असा ठाम विधी नव्हता. त्यामुळे उपासक आज इथे, उद्या तिथे, किंवा एकाच वेळी दोन्हीकडे राहिला. बाबासाहेबांनी या उणिवेला ऱ्हासाच्या कारणांत धरले आणि स्वतः पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा ती भरून काढली.

त्या पावलाआधीचा काळ मोठा आहे. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिले. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये श्रीलंकेत दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी पाली ग्रंथांतला बुद्ध मराठीत आणला. १९२७ मध्ये महाडला मृत मांस सोडण्याचा आग्रह बाबासाहेबांनी धरला. शीलाची भाषा यायच्या कितीतरी आधी स्वाभिमानाच्या भाषेत सुरू झालेला तो संयमच होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पुढची २१ वर्षे अभ्यासात, संघर्षात गेली.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपुरात कुशिनाराच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर जे घडले ते धम्माच्या इतिहासात नवे होते. स्वतः उपासक असलेल्या बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंच्या समुदायाला उभे राहायला सांगितले आणि त्रिशरण, पंचशील व २२ प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञांत तेराव्यापासून सतराव्यापर्यंत पंचशीलच मराठीत आले आहे. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. पालीतले ‘समादियामि’ अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘मी करणार नाही’ असे सरळ झाले. पहिल्या शीलाचे तर रूपच पालटले : सर्व प्राणिमात्रांवर दया करीन. नकाराची जागा कर्तव्याने घेतली.

अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये मांडले. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. शेतात कीड पडली, घरात साप निघाला, की हाच प्रश्न समोर येतो, आणि त्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे असते.

दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. शिकवायला भिक्खू थोडे आणि गावे हजारो. ती पोकळी भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांनी, म्हणजे विधी करणाऱ्या गृहस्थांनी, भरली. कुणी गिरणी कामगार, कुणी शिक्षक, कुणी रेल्वेत. लग्न, नामकरण, मृत्यूनंतरचे पुण्यानुमोदन असा प्रत्येक प्रसंग हे संसारी लोकच पंचशीलाने सुरू करू लागले. आषाढी ते अश्विन पौर्णिमेच्या वर्षावासात बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होऊ लागले. पुढे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ पंचशीलाने होऊ लागला, आणि तिथे जात-धर्म न पाहता सगळेच ते घेतात. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या बौद्ध संघटनेने प्रत्येक शीलाला मैत्री, दान, सत्य अशी होकाराची बाजूही जोडली.

पाचव्या, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या, शीलाची परीक्षा मात्र सगळ्यांत कठीण. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरातही दीक्षा दिली होती. त्याच जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. दर वर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर लोक जमतात. बंदी होती तेव्हाही आणि उठल्यावरही त्यांच्या तोंडी ओळ तीच आहे : सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.