लांडगा केवढा असतो, आणि माणसाला त्याचा धोका किती?

रानातला लांडगा पहिल्यांदा दिसला की आधी नजरेत भरतात ते त्याचे पाय. अंगाच्या मानाने लांबच लांब, सडपातळ. छाती अरुंद, पंजे मात्र मोठे: उत्तरेकडच्या बर्फात उमटलेला लांडग्याचा पंजा माणसाच्या तळहाताएवढा भरतो. हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे तो आहे त्याहून बराच थोराड दिसतो, आणि लांडग्याच्या वजनाबद्दलच्या निम्म्या अतिशयोक्ती इथेच जन्माला येतात.

खरे आकडे असे आहेत. अलास्का आणि वायव्य कॅनडातले नर 45 ते 50 किलोंपर्यंत सहज जातात. 1939 मध्ये अलास्कात मारलेला एक लांडगा 79.4 किलो भरला होता, पण तो अपवादच. युरोपातले बहुतेक लांडगे 30 ते 50 किलोंमध्ये बसतात. अरबस्तान आणि भारतातला लांडगा मात्र जेमतेम 20 किलोंच्या आसपास, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा. थंडीत मोठं अंग ऊब धरून ठेवतं, उष्ण प्रदेशात लहान अंग लवकर निवतं. शिवाय मूस (घोड्याहून थोराड हरीण) किंवा बायसनसारखं (रानगव्यासारखा अवाढव्य प्राणी) सावज पाडायचं तर अंगात तेवढी ताकदही लागते.

हे सगळे लांडगे एकाच जातीचे, करड्या लांडग्याचे. बाकी फरक उपजातींचे, आणि उपजाती नेमक्या किती यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. इथिओपियाच्या उंच पठारांवरचा, उंदीर-घुशींवर जगणारा तांबूस लांडगा ही वेगळी जात. अमेरिकेतल्या तांबड्या लांडग्यालाही बरेच जण वेगळी जात मानतात. तो रानात आता अगदी मोजकाच उरला आहे. आफ्रिकेतला एक ‘कोल्हा’ प्रत्यक्षात लांडग्याच्या जवळचा आहे, हे 2015 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं.

आता धोक्याचं. 2002 ते 2020 या काळात जगभरात लांडग्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांची नोंद नॉर्वेतल्या निसर्ग-संशोधन संस्थेच्या अहवालात आहे. 489 माणसं लांडग्यांच्या तावडीत सापडली, त्यांतली 26 दगावली. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मिळून 75 हजारांच्या आसपास लांडगे आहेत. तिथले मृत्यू 2. आणि या 489 पैकी 380 जणांना चावलेले लांडगे पिसाळलेले होते.

पिसाळलेला लांडगा हे प्रकरणच वेगळं. एरवी माणसाचा वास आला तरी वाट बदलणारा हा बुजरा प्राणी रेबीज झाल्यावर थेट वस्तीत घुसतो आणि दिसेल त्याला चावत सुटतो. खायला म्हणून नव्हे, नुसता चावतो, तेही बऱ्याचदा डोक्या-तोंडावर. तिथून मेंदू जवळ, त्यामुळे विषाणूला वाट थोडीच कापावी लागते. 1954 मध्ये इराणमधल्या साहने गावात अशाच एका लांडग्याने काही तासांत 29 जणांना फाडलं. त्या जखमींवर तेहरानच्या पाश्चर संस्थेने लशीबरोबर सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं असलेलं औषध, वापरून पाहिलं. डोक्याला चावे बसलेल्यांपैकी नुसती लस मिळालेले 5 जण होते, त्यांतले 3 दगावले. लस आणि सीरम दोन्ही मिळालेल्या 13 जणांपैकी एकच गेला. कवटी फुटलेला एक लहान मुलगाही त्यात वाचला. आजही खोल चाव्यावर दोन्ही देतात, त्यामागे त्या गावातली ती माणसं आहेत.

न पिसाळलेल्या लांडग्यांचे हल्ले बघताना मला सर्वांत अस्वस्थ करतं ते हे, की अलीकडच्या दशकांत भक्ष्य म्हणून माणसं मारली ती लहान चणीच्या लांडग्यांनीही. 1993 ते 1995 मध्ये आताच्या झारखंडमधल्या हजारीबागला आणि 1996 मध्ये उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात लांडग्यांनी कित्येक मुलं उचलून नेली. वीस किलोंचा लांडगा धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण रानातली हरणं-काळविटं संपलेली, शेळ्या रात्री बंद गोठ्यात आणि मुलं उघड्या अंगणात निजलेली, अशा ठिकाणी तो मुलाकडे वळू शकतो. एकदा सोकावला की पुन्हा पुन्हा येतो. म्हणून अशा भागात घराला दार असणं आणि लहान मूल शेतात एकटं न सोडणं, याचं मोल बंदुकीपेक्षा जास्त आहे.

सोकावण्याची दुसरी वाट म्हणजे खाणं टाकणं. फोटोपायी फेकलेला एक तुकडाही लांडग्याची भीड चेपायला पुरतो, आणि पुढचा माणूस भेटला की तो त्याच्याकडूनही अपेक्षा ठेवतो.

समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नये. पळणारं ते सावज, एवढंच त्याला कळतं. त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं, हात वर करावेत, ओरडावं, बरोबर मूल असेल तर उचलून घ्यावं आणि पाठ न दाखवता मागे सरकावं. लांडगा पिसाळलेला असेल तर यातलं काही चालेलच असं नाही. तेव्हा ओरखडा कितीही लहान असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.