रबराचा पट्टा धातूचे दात कसा खातो

चेन काढून पट्टा बसवला की विषय संपला, ना ग्रीस ना खडखड, असा एक समज बराच पसरलाय. आपल्याकडे काही इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकाला दातेरी पट्टा आला तेव्हापासून तर जास्तच. आणि मग पाऊस संपून धूळ उडायला लागली की तीच मंडळी विचारतात, अहो हे चीं चीं कसलं वाजतंय? यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'पट्टा आवळा आणि वरून स्प्रे मारा'. यातलं पहिलं अर्धं चूक आहे आणि दुसरं पूर्ण.

स्कूटरवर हा प्रकार त्यामानाने सौम्य असतो. खरा मासला बघायचा तर इंग्लंडमधल्या माल्व्हर्नची मॉर्गन थ्री व्हीलर बघा. 1909 साली एच. एफ. एस. मॉर्गन यांनी पहिली तीनचाकी बनवली, पुढे दोन चाकं मागे एक, आपल्या रिक्षाच्या बरोब्बर उलट, आणि तेव्हा मागच्या चाकाला चेन होती. ती परंपरा 1952 च्या सुमारास थांबली. मग 2011 मध्ये कंपनीने तीच गाडी नव्याने आणली: पुढे उघडं दिसणारं जवळपास दोन लिटरचं व्ही-ट्विन (व्ही अक्षरासारखे तिरके दोन सिलिंडर असलेलं) इंजिन, माझदाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, त्यामागे ताकदीची दिशा काटकोनात वळवणारा बेव्हल बॉक्स, आणि तिथून मागच्या एकुलत्या चाकाला दातेरी पट्टा. गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे कार म्हणून पिसासारखी, पण मोटारसायकलच्या धाटणीच्या पट्ट्यासाठी हे ओझं कमी नाही. त्यात व्ही-ट्विनचे धक्के समान अंतरावर येत नाहीत, पट्ट्याला सतत हिसके बसतात.

आता आवाज. दोन आवाज वेगळे ओळखायला हवेत. एक 'घूंऽऽ', वेगाबरोबर चढत जाणारा. दुसरा 'चीं चीं', हळू जातानाही येणारा.

घूं येतो तो पट्ट्याचा दात स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो त्या दातेरी चाकाच्या, खाचेत बसताना. समजा मागच्या स्प्रॉकेटला 70 दात आहेत आणि टायरचा परीघ 2 मीटर. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण 8.3 वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला 583 दात खाचेत शिरतात, आणि 583 हर्ट्झ आपल्या कानाला मस्त ऐकू येतं. शंभरच्या वेगाला हाच आकडा 972 वर जातो. प्रत्येक दात शिरताना खाचेतली हवाही बाहेर ढकलली जाते, पट्टा रुंद असेल तर तिचाही आवाज भर घालतो. ओळखायची युक्ती सोपी: वेग तोच ठेवून गिअर बदलायचा. इंजिनचा सूर बदलला आणि घूं तिथेच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या नंतरच्या कशाचा तरी आहे, पट्टा, बेव्हल बॉक्स, बेअरिंग किंवा टायर. थोडा घूं असणारच, तो आजार नाही.

चीं चीं मात्र घर्षणाचा. पट्ट्याची कड स्प्रॉकेटच्या कडेच्या चकतीला घासते, चिकटते, सुटते, परत चिकटते, सेकंदाला शेकडो वेळा. याचं मूळ बहुतेक वेळा अलाइनमेंटमध्ये असतं. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत हवीत आणि दातेरी पट्ट्याला साधारण पाव अंशाच्या वर तिरकेपणा चालत नाही. पाव अंश म्हणजे अर्ध्या मीटरच्या अंतरावर जेमतेम 2 मिलिमीटर! एक्सलचा डावा नट दोन फेरे आणि उजवा दीड फेरा फिरवला की काम बिघडलं. आणि 'आवळा' म्हणणारे नेमकं हेच करतात, ताण वाढतो, चाक तिरकं होतं, आवाज दोन दिवस दबतो आणि मग दुप्पट होऊन येतो.

मग ताण किती हवा? इथे मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगायचीय, कारण ती बारावीच्या सोनोमीटरमधून थेट गॅरेजमध्ये आलीय. ताणलेली तार छेडली की तिची कंपनसंख्या तीन गोष्टींवर ठरते: मोकळी लांबी, दर मीटरचं वस्तुमान आणि ताण. पट्टाही तसाच. दोन स्प्रॉकेटमधला मोकळा भाग बोटाने टिचकी मारून छेडायचा, मोबाईल जवळ धरायचा, ॲप हर्ट्झमध्ये आकडा दाखवतं. सूत्र उलटं फिरवलं की ताण बरोबर 4 गुणिले दर मीटर वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. समजा मोकळी लांबी अर्धा मीटर, वस्तुमान मीटरला 0.3 किलो आणि ॲपवर आलं 60 हर्ट्झ. ताण 1080 न्यूटन, म्हणजे साधारण 110 किलो वजन टांगल्याइतका. आता तो वर्ग लक्षात घ्या. 60 च्या जागी 66 आलं, म्हणजे सूर फक्त 10 टक्के चढला, तर ताण 21 टक्क्यांनी वाढलेला असतो. अंगठ्याने दाबून 'हां बरोबर वाटतंय' म्हणण्यात हे कळणं शक्यच नाही. आणि वस्तुमान नि लांबी प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून हर्ट्झचा आकडा त्याच गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, दुसऱ्याच्या गाडीचा नाही.

याच कंपनसंख्येचा आणखी एक उपद्व्याप आहे. इंजिनच्या हिसक्यांची किंवा स्प्रॉकेटच्या किंचित वाकडेपणाची गती पट्ट्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळली की अनुनाद होतो, पट्टा एका ठरावीक वेगाला फडफडतो आणि पुढेमागे गप्प. दोन सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन 3600 आरपीएमला सेकंदाला 60 धक्के देतं, वरच्या उदाहरणातल्या पट्ट्याला नेमकं तेवढंच पुरतं. 

ताण मोजायचा तो गाडी थंड असताना. पट्ट्याच्या आत अरामिड (केव्हलारच्या जातीचा धागा) किंवा कार्बन फायबरचे दोर असतात आणि हे फायबर तापल्यावर लांबीला वाढत नाहीत, उलट किंचित आखडतात. आजूबाजूचा धातू मात्र प्रसरण पावतो. म्हणजे गरम गाडीचा पट्टा आपोआप जास्त ताठ. तसंच चाक फिरवत फिरवत तीनचार जागी मोजायचं आणि सगळ्यात ताठ जागा धरून सेट करायचं.

आता झिजेचं. मऊ पट्टा कडक धातूला कसा झिजवेल, असं बरेच जण विचारतात. सुरतेत हिऱ्याला पैलू पाडतात ते बघितलंय कुणी? तिथली चकती बिडाची, हिऱ्यापुढे लोण्यासारखीच. तिच्यात हिऱ्याची भुकटी रुतून बसते आणि ती रुतलेली भुकटी कापते. इथेही तेच. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, मोह्‌सच्या कठीणपणाच्या मापावर 7, आणि स्प्रॉकेटचं ॲल्युमिनियम 3 च्याही खाली. कण पट्ट्याच्या मऊ दातात रुततो, तिथे सुरक्षित बसतो, आणि दर फेरीला स्प्रॉकेटला ओरखडा काढतो. स्प्रॉकेटवर हार्ड ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर तयार केलेल्या कठीण ऑक्साइडचा) थर आहे तोवर निभतं, तो थर गेला की झीज एकदम पळायला लागते. आणि तीनचाकीचं दुर्दैव बघा, पुढची दोन चाकं रस्त्याच्या घासून साफ झालेल्या पट्ट्यांवरून जातात आणि मागचं एकटं चाक मधल्या भागातून, जिथे बारीक खडी आणि धूळ साठलेली असते.

म्हणून तो स्प्रे नको. तेलकट पट्ट्यावर धूळ चिकटते आणि बऱ्याच तेलांनी रबर फुगतं. स्प्रे मारल्यावर आवाज 'जादूने गेला' दाखवणारे व्हिडिओ दहा मिनिटांनंतरचं काही दाखवत नाहीत, नव्या गाडीच्या बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकाच तो उपाय, फक्त लिंबू-मिरचीने पट्टा तरी खराब होत नाही. करायचं ते एवढंच, मऊ ब्रश, साधं पाणी, थोडा सौम्य साबण, नीट वाळवणं. खडा अडकलाय का ते बघणं.

स्प्रॉकेट चकचकीत दिसलं म्हणून घाबरू नका. दाताच्या एका बाजूला नख अडकेल अशी धार किंवा हुकासारखा बाक तयार झाला असेल तर मात्र त्याचे दिवस भरले. पुढचं स्प्रॉकेट आधी जातं, 30 आणि 70 दातांची जोडी असेल तर पुढच्या प्रत्येक दातावर मागच्यापेक्षा 2.3 पट जास्त वेळा काम पडतं. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा पट्टा चढवला तर दातांचा आकार जुळत नाही, भार एकदोन दातांवर येतो आणि नवा पट्टाही वाया. आणि नवा पट्टा आणलात तर तो गुंडाळून, दुमडून डिकीत कोंबू नका, आतले फायबर तीव्र घडीला तुटतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.